बाबल मेस्त्रीची रेतीची पोती

बाबल मेस्त्रीच्या गॅरेजात गाडी न्यायची तर सगळं घर सोबत न्यावं लागे. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. कट्टा गावच्या बाजारात गाड्या मोजक्याच. लोक विचारायचे, गाडी दाखवायला चाललात की मुलगी? पण बाबलचा हट्ट होता. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांच्या, टोकांना नळकांड्यासारखे रबराचे बुश असतात. गाडी जॅकवर असताना ते आवळले, तर खाली येताच रबर पिळवटून फाटतं. एवढं कुठलाही मेकॅनिक जाणतो. बाबल त्याच्याही पुढं जाई. साबणाच्या पाण्याने नवे बुश सरकवून बसवले, चाकं जमिनीला टेकली, की गाडीखाली शिरून तो ओरडे, "माणसा आपापल्या जाग्यार बसांदेत! भार इल्याशिवाय मी आवळूचंय नाय!"

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा गाडीची कुरकुर थांबावी म्हणून बुशांवर खोबरेल सोडलं. बाबलने ते फुगलेलं रबर त्यांच्या नाकापुढं धरलं. "अण्णानू, हे काय तुमचे केस? तेल रबराक खाता!" अण्णांनी आठवडाभर अबोला धरला.

घरातलं कोणी परगावी असलं, तर बाबल त्याच्या जागी रेतीचं पोतं ठेवी. अण्णा वारले त्या वर्षी मी अण्णांच्या पुढच्या सीटवर पोतं ठेवायला गेलो, तर त्याने माझा हात धरला. "गेलेल्याक पोता लागणा नाय. तो आपणच येवन बसता." मी मनात हसत स्टिअरिंगमागं बसलो. तो गाडीखाली गेला आणि माझ्या शेजारची बाजू सावकाश दबली. सीटवर कोणी नव्हतं. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू?

माझा धाकटा भाऊ सुधा बोटीवर नोकरीला होता. पुढच्या वर्षी त्याची पत्रं बंद झाली. तो आहे की नाही, कोणी सांगेना. आई देवळात कौल लावून थकली. पावसाळा सरल्यावर आम्ही कट्ट्याला गेलो. बाबल सुधाचं पोतं उचलणार, तोच अण्णांच्या वेळचं सगळं पाहिलेली आई म्हणाली, "ठेव नको ता. माका बघूचा आसा."

बाबलने पोत्यावरचा हात काढला. मग गाडीखाली गेला. मी स्टिअरिंग धरून होतो. आई मागं डोळे मिटून बसली होती, शेजारी सुधाची रिकामी जागा. भर दुपार, बाजार सामसूम. आणि समोरच्या आरशात, मागच्या काचेतून दिसणारी दुकानाची पाटी हळूच तिरकी झाली; गाडी सुधाच्या बाजूला दबली होती.

"बाबल, काय?" आईने विचारलं.

खालून तो म्हणाला, "वैनीनू, गाडी हलाक नाय. पोता ठेवूचा लागतला."

आई ढसाढसा रडली, मधेच हसली. बाबल बाहेर आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली आणि पोतं स्वतः उचलून आईशेजारी ठेवलं.

सुधाची बातमी कधीच आली नाही. पण त्या दिवसापासून आई दोन घास जेवू लागली. दरवर्षी बाबलच्या दारात ती गाडीत त्या पोत्यावर हात ठेवून बसे. बाबल कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्या एका खोट्यासाठी मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

आई गेल्यावर मी एकटाच गाडी घेऊन गेलो. बाबल थकला होता, कसाबसा खाली शिरला. पोतं त्याने एकही मागितलं नाही. मागं वळून पाहण्याची माझी छाती झाली नाही.

थोड्या वेळाने खालून आवाज आला, "आवळतंय रे आता. सगळी इली."