उंच कपाट

इटलीतल्या पेरुजाच्या डोंगराखाली, मोठ्या इस्पितळासमोर इओलांडाबाईंचं हॉटेल आहे. मी तिथे एकोणीस वर्षं चादरी बदलते आहे. वरचं शहर बघायला येणारे आमच्याकडे उतरत नाहीत, आजाऱ्यांची माणसं उतरतात.

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. एक म्हातारी नवऱ्याचा इस्त्री केलेला काळा सूट हातावर घेऊन आली. मी हसून विचारलं, "लग्नाला आलात वाटतं?" बाईंनी तो सूट घेतला आणि स्वतःच्या कपाटात टांगला. मागाहून मला म्हणाल्या, "नीवेस, माणूस गेलाच तर पुरताना अंगावर घालायचे कपडे लोक सोबतच आणतात. डोळे आहेत ना तुला?"

तेव्हापासून असे कितीतरी सूट त्या कपाटात राहून गेले. एखादा न वापरता परत जायचा, त्या दिवशी बाई आम्हाला स्वतः कॉफी करून द्यायच्या.

परवा त्यांच्या नवऱ्याला, सेत्तिमिओंना, समोरच्या इस्पितळात होत नसलेल्या ऑपरेशनसाठी सिएनाला न्यायचं ठरलं. बाई फोनवर तिथल्या शहराबाहेरच्या साध्या हॉटेलात खोली ठरवत होत्या. मी जिना पुसत होते. सेत्तिमिओ शेजारी बसून भुणभुण करत होते, "न्याहारीचं विचार. लिफ्ट आहे का विचार."

बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"खोलीत कपाट आहे ना? उंच हवं. पुरुषाचा सूट घडी न पडता टांगता आला पाहिजे."

बाईंनी फोन ठेवल्यावर सेत्तिमिओ म्हणाले, "करडा घे. काळा आता मला ढगळ होतो."