बुसानच्या मासळीबाजारात सासूबाई

आधीच सांगते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून मोकळी व्हायचे. माझं कामच तपासणीचं... कलकत्त्यात गार्डन रीचला जहाजबांधणीत मी इन्स्पेक्शन बघते. यंत्र चालताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही, मग समोर कोणीही साहेब उभा असो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण विवेकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी अर्धंच सांगितलंय. उरलेलं पोटात ठेवून आता झोप लागत नाही.

घरी आम्ही तिघं, सॉल्ट लेकला. विवेक, मी आणि सासूबाई. सासूबाईंचा जन्म कलकत्त्याचाच, वय एक्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. त्याआधी या बाईने गरियाहाटचा अख्खा बाजार पायाखाली घातलेला. दुकानदाराने सांगितलेली किंमत देणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. मी कधी घाईत पर्स उघडली की माझ्या कोपराच्या वर असा चिमटा काढायच्या की डोळ्यात पाणी यायचं, आणि वर दुकानदाराकडे बघून गोड हसायच्या. वीस वर्षांत घरात आमचं फारसं पटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण बाजारात आमची जोडी पक्की होती.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसने मला दोन आठवडे कोरियाला पाठवलं, बुसानला. एका यंत्राच्या चाचण्या बघायच्या होत्या. मधला शनिवार-रविवार मोकळा. तिथल्या कंपनीतली सोयॉन नावाची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, इंग्रजी छान बोलणारी, आपणहून म्हणाली, "मॅडम, शनिवारी मी तुम्हाला बाजार दाखवते, चांगलंचुंगलं खाऊ घालते." मी काय, एका पायावर तयार. शुक्रवारी फोनवर सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मजा आहे बाई तुझी. आम्ही आपलं छत बघायचं." नेहमीचा टोमणा. मी हसून फोन ठेवला.

शनिवारी सकाळी दहाला सोयॉन हॉटेलच्या लॉबीत आली. मला वाकून नमस्कार केला, मग माझ्या बाजूला बघून पुन्हा एकदा, जरा जास्तच वाकून. मला वाटलं, असेल यांची पद्धत.

हॉटेलपासून चालत गुकजे मार्केट. आपल्या कलकत्त्याच्या न्यू मार्केटसारखंच, गल्लीत गल्ली... चादरी, भांडी, चष्मे, मोजे. मी हरखून पुढे पुढे जात होते. सोयॉन मात्र फार हळू चालत होती. वळण आलं की थांबायची, पायरी आली की हात पुढे करायची. मनात म्हटलं, मला काय म्हातारी समजली की काय ही? एका गाडीवर हॉत्तॉक मिळत होतं... तव्यावर तळलेली जाड पोळी, आत गुळासारखी साखर आणि बिया. तिने तीन घेतली. एक मला दिलं. मी पर्समध्ये टिश्यू शोधायला लागले, वर बघितलं तर तिच्या हातात एकच. तिसरं एवढ्यात खाल्लं? भूक लागली असेल पोरीला, म्हणून सोडून दिलं.

मग रस्ता ओलांडून जगालचीला, मासळीबाजारात. दारातच तिने एका दुकानातून रबरी चपला घेतल्या. मी विचारलं, कुणाला गं? तर म्हणाली, "खाली ओलं आहे ना." तिच्या स्वतःच्या पायात चांगले बूट होते. तरी माझी ट्यूब पेटली नाही.

जेवायला वरच्या मजल्यावर गेलो. खिडकीजवळचं टेबल, खाली धक्का आणि बोटी दिसत होत्या. सोयॉनने टेबलाच्या खणातून चमचे आणि चॉपस्टिक्स काढून मांडल्या, तीन जागी. पाणीही तीन ग्लास. तिची कोणी मैत्रीण येणार असेल असं मला वाटलं. माशाचं सूप आलं, तीन वाट्या. भाजलेला बांगडा आला. मोठ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय तिथे धाकटे जेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी अठ्ठेचाळीसची, तेव्हा मान माझाच. मी चमचा उचलला, सूप प्यायले. पण सोयॉन बसूनच. हात मांडीवर, आणि नजर माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

"अगं, जेव की. गार होतंय."

"हो, आत्ता," ती म्हणाली, पण तशीच बसून राहिली. चांगला मिनिटभर. मग खुर्चीकडे बघून हसली आणि तिने चमचा उचलला.

मी विचारलं, "कुणाची वाट बघत होतीस?"

"आजींची," ती अगदी सहज म्हणाली. "त्यांच्याआधी मी कशी जेवणार? सूप गरम होतं, त्या फुंकर घालत होत्या."

मी शेजारी बघितलं. खुर्ची रिकामी. वाटी काठोकाठ भरलेली. "कुठल्या आजी?"

आता ती गोंधळली. "तुमच्या आई, किंवा सासूबाई... सकाळी हॉटेलपासून आपल्याबरोबर आहेत ना? तुम्ही ओळख करून दिली नाहीत, त्यांच्याशी बोलतही नव्हता. मला वाटलं, तुमचं काही भांडण झालंय."

मी तिला वर्णन विचारलं. पांढरे केस, चिमुकला अंबाडा, फिकट निळी सुती साडी. "आणि पायात चपलाच नाहीत. पुरुषांचे करडे लोकरी मोजे आहेत नुसते. म्हणून तर मी चपला घेतल्या."

सासरे गेल्यापासून सासूबाई त्यांचे करडे मोजे घालून झोपतात. हे बाहेर कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. माझ्या डीपीला जहाज आहे, आणि सासूबाईंचा फोटो मी सोयॉनला कधी दाखवलेला नव्हता. मी ते सगळं मनात तपासून बघत होते, सवयीने, आणि तेवढ्यात फोन वाजला.

विवेक होता. कलकत्त्याला तेव्हा सव्वानऊ झाले होते. "अपर्णा, आई उठतच नाहीये. सहाला चहा लागतो तिला... मालतीदीने हलवलं, मी हलवलं, काही नाही. श्वास अगदी मंद आहे. डॉक्टर आलेत, साखर चारशेच्या वर म्हणतायत. रात्री तिने दोन घास दूधभात खाल्ला फक्त. मी मालतीदीवर ओरडलो, काय गोड दिलंस म्हणून. ती रडतेय बिचारी." मालतीदी म्हणजे सासूबाईंची आया. ॲम्ब्युलन्स बोलावली आहे, असं म्हणून त्याने फोन चालूच ठेवला.

सोयॉन दाराकडे बघत होती. "त्या उठल्या," ती म्हणाली. "खाली चालल्या."

मी तिचा हात धरला आणि सांगितलं की माझ्या सासूबाई कलकत्त्यात अंथरुणावर आहेत, तीन वर्षं त्यांनी पाऊल टाकलेलं नाही, आणि आत्ता त्या उठत नाहीयेत. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडावर हात ठेवून ती मागे सरकली. तिला तोवर काहीच माहीत नव्हतं, हे मला तेव्हा शंभर टक्के पटलं.

"मला नाही बघायचं," ती रडायला लागली. "प्लीज मॅडम."

"तुला बघावंच लागेल. मला दिसत नाही." मी तिला अक्षरशः ओढत खाली नेलं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. आणि तेही भरदुपारी, लख्ख उन्हात, माणसांनी भरलेल्या बाजारात.

बाहेर धक्क्यावर लोकांना फिरवून आणणारी एक लाँच उभी होती. चढणाऱ्यांची रांग लागली होती. सोयॉनने डोळे पुसले आणि बोट केलं. "रांगेत आहेत. पुढे सहा-सात माणसं." मी बघितलं. एका जोडप्यामागे आणि एका काकांपुढे एक माणूस उभं राहील एवढी जागा रिकामी होती. रांग सरकली की तीही सरकत होती.

ती लाँच कुठे जाते हे मला माहीत नव्हतं. पण त्या चढल्या तर घरी परत येणार नाहीत, एवढं आतून कळत होतं. मी ओरडले, "आई, परत चला." लोक वळून बघायला लागले. सोयॉनने मान हलवली, नाही. "आई, विवेक रडतोय हो." नाही. "त्या ऐकतच नाहीयेत. खुशीत आहेत, टाचा उंचावून बोट बघतायत." फोनवर विवेक विचारत होता, तू कोणाशी बोलतेयस. रांगेत पुढे तीनच माणसं उरली.

मला कसं सुचलं, देव जाणे. बाजूलाच एक म्हातारी सुकट विकत बसली होती, टोपल्यांत ढीग लावून. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मराठीत, घसा फाडून म्हणाले, "ही सगळ्यात महागाची द्या. मोठी पिशवी. भाव नाही करायचा मला. तुम्ही सांगाल ते देते." आणि पर्स उघडली. म्हातारीने बोटांनी आकडा दाखवला. मी नोटा काढायला लागले. "आई, बघा, मी न विचारता देतेय हं."

"थांबल्या," सोयॉन म्हणाली. मग म्हणाली, "वळल्या." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "इकडे येतायत. मॅडम, फार रागावल्यात."

मी मान वर केली नाही. मला कोणी येताना दिसलं असतं तर मी तिथेच कोसळले असते. मी नोटा पुढे केल्या, आणि उजव्या कोपराच्या वर चिमटा बसला. कचकचून. मी किंचाळलेच. शेजारी कोणी नव्हतं. सोयॉन चार हात लांब उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून.

फोनवर विवेक ओरडत होता, "उठली. अपर्णा, आई उठली. पाणी मागतेय."

मी सुकटीच्या टोपल्यांशेजारी खाली बसले आणि हमसून हमसून रडले. त्या म्हातारीने मला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. ती पिशवी मी हॉटेलच्या खोलीतच सोडून आले. चिमट्याची जागा चार दिवस काळीनिळी होती. रविवारी मी खोलीबाहेर पडले नाही. सोमवारी कंपनीत सोयॉनने लांबूनच विचारलं, "बऱ्या आहेत?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याबरोबर कधी जेवायला बसली नाही.

हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या, दोन दिवसांनी सासूबाई घरी आल्या. साखर वाढल्याने ग्लानी आली असावी, डॉक्टर म्हणाले. ती का वाढली, ते कोणी सांगू शकलं नाही. मी परत आले तर त्या माझ्याशी बोलेनात. विवेक म्हणे, आजारपणाने चिडचिडी झालीय. मलाही तसंच मानायचं होतं.

मग एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. मालतीदी बाहेर कपडे वाळत घालत होती. सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सुकट डोळे मिटून घेतलीस."

माझ्या हातातला कंगवा थांबला. सुकटीचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं, विवेकलासुद्धा नाही. त्याने फोनवर माझा आरडाओरडा ऐकला होता, पण गोंधळात त्याला एक शब्द कळला नव्हता.

"आई, तुम्हाला आठवतंय?"

त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरून आले होते, आणि त्यात राग होता. "का बोलावलंस गं मला? किती छान चालत होते मी."

मी त्यांचा अंबाडा घातला. साखर, ग्लानी, योगायोग, सोयॉनला झालेला भास... मी सगळं मांडून बघितलंय. कशावरही सही करता येत नाही.

हल्ली त्या सकाळी उशिरापर्यंत झोपतात. सातपर्यंत, कधी आठपर्यंत. परवा तर नऊ वाजले. श्वास मंद होता, तोंडावर हसू होतं, आणि पांघरुणाखाली पाय हलत होते. मी दारात किती वेळ उभी होते कोण जाणे. विवेकने आतून विचारलं, आई उठली का. शेवटी मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.