बेलकूर चौकातलं टिश्यूचं पाकीट

सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या घरून निघालो तेव्हाच माझा चेहरा उतरला होता, असं नीताचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं. असेल. फ्रान्स बघायची हौस होतीच कुणाला? ल्यों शहरात शिकणारी आमची ईशा तिथेच नोकरी धरायचं म्हणत होती. तिला समजावून सिंगापूरला परत आणायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

विमानात पाय आखडले, झोप नाहीच. ईशाने कळवलं होतं, "बेलकूर चौकात घोड्याच्या शेपटीखाली भेटा." मला थट्टा वाटली, पण इथले लोक घोड्यावर बसलेल्या राजाच्या पुतळ्यापाशी खरोखर असेच भेटतात. चौक कसला, तांबड्या मातीचं अवाढव्य मैदान! सावली सगळी कडेला. ओलांडताना मी त्या राजाचा मनसोक्त उद्धार केला.

"बाबा, किती थकलायस!" म्हणत ईशा धावत आली.

कडेच्या झाडांखाली कॅफे होता, एकच टेबल रिकामं. नीताने सवयीने त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि आम्ही आत कॉफी आणायला गेलो. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांचा मोठा मंडप) पाकीट ठेवलं की जागा तुमची, कुणी हात लावत नाही. गुलाबी साखरेत घोळलेल्या बदामांचा टार्ट सांभाळत बाहेर आलो, तर एक आजीबाई तिथे बसून आमच्याच टिश्यूने चष्मा पुसत होत्या.

"ही आमची जागा आहे!" मी चक्क मराठीत भडकलो.

"रिलॅक्स लाह, बाबा," ईशा अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली. "इथे जो बसतो त्याची जागा."

ईशा आजीबाईंशी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. दोघी खळखळून हसल्या. आजीबाईंनी सरकून जागा केली, आणि ईशा हातवारे करत बोलतच राहिली, जन्मापासून इथेच असल्यासारखी. पाठ केलेलं सगळं भाषण मी कॉफीबरोबर गिळलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"तिला परत ये म्हणाला का नाहीत?" परतीच्या विमानात नीताने विचारलं.

"तू का नाही म्हणालीस?"



रविवारी घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. दोघंच होतो, तरी नीताने ईशा असतानासारखी तीन खुर्च्यांवर तीन पाकिटं ठेवली. हातात ट्रे घेतलेला एक म्हातारा चिनी गृहस्थ तिसऱ्या खुर्चीपाशी थबकला.

"हिअर गॉट पीपल?" इथे कुणी बसणार आहे का, असं तो विचारत होता.

मी नीताकडे पाहिलं. तिने तिसरं पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं.

"नो, अंकल. यू सिट."