आक्कांच्या घरी मिरच्या निवडायला

दिलीपचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. दिलीप हा शेवंताआक्कांचा मुलगा. खडोलीला कंपनीत असतो, मला कधी फोन करत नाही. म्हणून नाव दिसताच आधी गॅस बंद केला. "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली..." "येते," एवढंच म्हणाले. त्याला आता महिना होत आला. आक्कांबद्दल कुणाशी फारसं बोलणं झालं नाही, म्हणून वाटलं, लिहून तरी ठेवावं.

आम्ही आता टोकरखाड्याला राहतो, पण लग्नानंतरची सात वर्षं नरोलीच्या चाळीत काढली. कुणी धुळ्याकडचे, कुणी नंदुरबारकडचे, कुणी पार बिहारचे, सगळे कंपन्यांत कामाला आलेले. एका ओळीत बारा खोल्या, मधल्या भिंती अशा की शेजारी फोडणी पडली की ठसका आपल्याला. आक्का आमच्या डाव्या हाताच्या खोलीत एकट्याच राहायच्या. दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी बरीच वर्षं आयाचं काम केलं होतं. आवाज मोठा. मी आधी त्यांना घाबरायचेच, नळावर त्या असल्या की हंडा घेऊन परत फिरायचे.

माझी थोरली, वैशाली, झाली तेव्हा मला माहेरी जाता आलं नाही. आईचा पाय मोडलेला, आणि सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आले. घर म्हणजे एकच खोली. हे सकाळच्या पाळीला जायचे, आणि माझे धाकटे दीर, संजूभाऊजी, रात्रपाळी करून आठला यायचे ते दुपारी चारपर्यंत त्याच खोलीत झोपायचे. दीर खोलीत असताना पोरीला पदराखाली घेणं मला काही केल्या जमेना. ते भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन झोपलेले असायचे, तरी नाही. पोरगी रडली की मी डब्यातली पावडर कालवून बाटलीने पाजायची. मापाची समज नव्हती, ते दूध पातळच व्हायचं. भाऊजी चारला बाहेर पडले की मग अंगावर घ्यायची, पण तोवर ती रडून पेंगलेली असायची. पंधरा दिवसांत माझं दूध आटत आलं. पोरीचे गाल बसले, मांड्यांना सुरकुत्या पडल्या. ह्यांना सांगितलं, दूध येत नाही. का येत नाही, ते सांगितलं नाही.

एक दिवस अकराच्या सुमारास आक्का दारात उभ्या. "काय व माय, किती रडते ही पोर!" मी बाटली पाठीमागे लपवली. "दूध येत नाही," मी हळूच म्हणाले.

"कोण म्हणे?"

आक्कांनी चादरीतल्या भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम मोठ्याने म्हणाल्या, "चल माझ्या घरी. दोन किलो मिरच्या आणून ठेवल्या मी, त्यांची देठं कोण काढणार? ए संजू, तुझी भावजय नेते रे!" चादरीतून "हां" आलं.

त्यांच्या घरात एकही मिरची नव्हती. त्यांनी दार लावलं, हात धुतले, मला भिंतीला टेकवून बसवलं आणि कोपराखाली गोधडीची घडी दिली. "तू वाकू नको. पोरीला तुझ्याकडे आण. तोंड मोठं उघडू दे तिला... नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भाग पण जाऊ दे." बाटली त्यांनी पहिल्याच दिवशी फेकून दिली. पहिले दोन-तीन दिवस फार वाईट गेले. पोरगी चिडायची, मी रडायची. "रड," आक्का म्हणायच्या, "पण उठू नको. विहीर उपसल्याशिवाय झरे मोकळे होतात का?" आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायच्या, कुणी येऊ नये म्हणून. पाचव्या दिवशी पोरगी एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने माझं पोलकं भिजलं. मी आक्कांना हाक मारली. अशी मोठ्याने मी चाळीत पहिल्यांदाच ओरडले असेन.

मग रोजचंच झालं. माझं बघून आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. समोरच्या जसुबेन एकदा म्हणाल्याच, "शेवंताबेन, एवढ्या मिरच्या खातं तरी कोण?" आक्का म्हणाल्या, "मीच खाते. म्हणून तर जीभ अशी आहे." पुढे भाऊजींचं लग्न झालं, त्यांची बायको बाळंत झाली, तेव्हा ते जमिनीकडे बघत मला म्हणाले, "वहिनी, हिलाही न्या ना... मिरच्या निवडायला." म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. पण लिहिते. साक्रीकडची सरला म्हणून एक मुलगी आमच्या ओळीत राहायला आली. तिचं बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं, अगदी मुठीएवढं. आक्कांनी तिलाही बाटली देऊ दिली नाही. बाळ सारखं झोपायचं. "शांत आहे गं पोर," मीसुद्धा म्हणाले होते. पोट भरलं म्हणून झोपतं, असं आम्हाला वाटलं. त्याच्यात जागं राहायचं त्राणच नव्हतं. चौथ्या दिवशी ते डोळेच उघडेना. दवाखान्यात नेलं, बाळ वाचलं, पण डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. आक्का रोज जाऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायच्या. सरलाच्या सासूने त्यांना आत येऊ दिलं नाही. नंतर त्या लोकांनी खोलीच सोडली.

त्यानंतर आक्कांनी कुणाची बाटली फेकली नाही. कुणी बाळ घेऊन आली की आधी विचारायच्या, "शू किती वेळा करतं?" आणि दुसरं काही करण्याआधी वजन करायला दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे न्यायच्या. मला एकदा म्हणाल्या, "वॉर्डात अशी पोरं पाहिली होती मी. मला कळायला पाहिजे होतं. पण तुम्ही सगळ्या मला मानायला लागल्या होत्या ना, व..." माझी वैशाली आता नववीत आहे, धडधाकट आहे. ज्या हट्टाने तिला दूध मिळालं, तोच हट्ट सरलाच्या बाळाच्या जिवावर आला. वैशाली वाचली ती आक्कांमुळे, की तिचं नशीब म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. आक्कांना मी ते कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत.

मागच्या रविवारी नरोलीला गेले. दिलीप एकटाच पायरीवर बसला होता. खोली रिकामी करायची म्हणाला होता, पण आत सगळं तसंच. कपाटाला हातही लावलेला नव्हता. मी काही विचारायच्या आधी टॉवेलात बाळ गुंडाळून एक मुलगी आली. विशीचीही नसेल. तिने आम्हा दोघांना न विचारता चप्पल काढली, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

"रोज येते," दिलीप म्हणाला. "तिच्या खोलीत चार माणसं आहेत पाळीची. परवा मी भांडी बांधत होतो तर येऊन उभीच राहिली. मी काय करणार मावशी? भांडी ठेवली, बाहेर येऊन बसलो."

"वजन केलं का बाळाचं?" मी विचारलं.

"नर्सबाईंकडे नेलं होतं. वाढतंय म्हणाल्या."

मीही पायरीवर टेकले. आत बाळ थोडं रडलं, मग थांबलं. एक बाई वाटी घेऊन दाराशी आली, तिला दिलीपने हातानेच थांबवलं. निघायला हवं होतं, घरी स्वयंपाक राहिला होता. मी उठायला लागले तसा दिलीप हळूच म्हणाला, "अजून जरा बसा, मावशी. तिचं झालेलं नाही."