चव्वेचाळीस नंबरच्या पोटातली भेग

शुक्रवारी सकाळी प्रतिमाताईंनी चव्वेचाळीस नंबरचं इंजिन पुसायला काचेच्या कपाटातून काढलं, आणि ते त्यांना हाताला वाकडं लागलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. काळं कवच, लाल चाकं, सगळं होतं तसंच होतं. पण तीस वर्षं ज्या बाईने ओतीव लोखंडावरून बोटं फिरवून पगार घेतला, तिच्या बोटांना फसवणं सोपं नव्हतं. त्यांनी टेबलावर काचेचा तुकडा ठेवला, त्यावर इंजिन उभं केलं. दहा मोठ्या चाकांपैकी मधली चार काचेला टेकतच नव्हती.

प्रतिमा देवघरे जबलपूरच्याच. वडील अमरावतीकडून कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. प्रतिमाताई स्वतः संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागल्या. भट्टीतून निघालेला प्रत्येक ओतीव भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यांची सही झाल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. एकदा एकतीस मार्चला, वर्षाचा आकडा पुरा करायची घाई असताना, त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला होता. साहेब केबिनमध्ये ओरडत राहिले, या उभ्या राहिल्या, सही काही केली नाही. तेव्हापासून कारखान्यात त्यांना 'रिजेक्ट मॅडम' म्हणायचे. वरवर त्या रागवायच्या. मनातून त्यांना ते नाव आवडायचं.

इंजिनांचा नाद लागला त्र्याण्णव साली. एका मशीनची तपासणी करायला त्यांना तीन आठवडे जर्मनीत पाठवलं होतं. रविवारी गावात फिरताना दुकानाच्या काचेमागे हे इंजिन दिसलं. तिथल्या रेल्वेवर कोळशाच्या आणि खनिजाच्या लांबलचक मालगाड्या ओढणाऱ्या, चव्वेचाळीस नंबरच्या जातीच्या वाफेच्या इंजिनाची वीतभर लांबीची नक्कल. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची, पण एकेक खिळा जागच्या जागी. प्रवासी गाड्यांची देखणी इंजिनंही शेजारी होती. ताईंची नजर तिकडे गेलीच नाही. त्यांना आवडली ती ही ओझ्याची इंजिनं, बुटकी, रुंद, दहा दहा चाकांवर जमिनीला चिकटून चालणारी. तिथून सुरू झालं ते आज एकतीस इंजिनांपर्यंत आलं होतं. सगळी जर्मन आणि सगळी मालगाडीची.

त्यांनी बारीक पेचकस घेऊन इंजिनाचं पोट उघडलं. चाकं आणि मोटर ज्यात बसतात तो सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. जस्तात शिसं जरा जास्त गेलं, तर तीस-चाळीस वर्षांनी तो धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. शौकीन मंडळी याला जस्ताचा रोग म्हणतात. त्यावर औषध नाही. ताईंनी सांगाड्यावर भेगा शोधायचा लाल रंग फवारला, पुसला, वरून पांढरी पूड मारली आणि वाट पाहिली. हे त्यांनी नोकरीत हजारो वेळा केलं होतं. जिथे भेग असेल तिथून आत शिरलेला लाल रंग पुडीवर उमटतो.

पाच मिनिटांत पांढऱ्यावर लाल जाळं पसरलं.

"काय झालं वो?" श्रीरंगराव चहाचा कप घेऊन दारात आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा शांत माणूस बायकोचा चेहरा बघून तिथेच थांबला.

"हे गेलं."

"अरे! मग आता?"

"याच्यासोबतचं दुसरं सिहोऱ्याला आहे," प्रतिमाताई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

खरी गोष्ट ही होती. त्यांच्याकडे चव्वेचाळीस नंबरची दोन इंजिनं होती, एकाच कारखान्याची, एकाच वर्षातली. त्यातलं एक सात महिन्यांपूर्वी त्यांनी सिहोऱ्याच्या आलोक चांदेकरांना दिलं होतं, अदलाबदलीत. आलोकभाऊ रेल्वेतले निवृत्त गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं. पहिली काही वर्षं त्यांच्या गाडीला वाफेचं इंजिन होतं आणि त्यातल्या एकाच्या पितळी पट्टीवर जर्मनीतल्या गावाचं नाव कोरलेलं होतं. त्यावरून त्यांना हा नाद लागला. चव्वेचाळीस नंबर हवं म्हणून ते वर्षानुवर्षं मागे होते. त्यांच्याकडे होतं पंच्याण्णव नंबर, घाटात मालगाड्या चढवणारं थोराड इंजिन. त्यासाठी प्रतिमाताईंचा जीव अकरा वर्षं खालीवर होत होता.

अदलाबदलीच्या आदल्या दिवशी ताईंनी आपलं इंजिन उलटं करून पाहिलं होतं. सांगाड्याच्या खालच्या बाजूला केसाएवढी रेघ होती. साच्याची असेल, असं त्या स्वतःला म्हणाल्या. लाल रंगाची बाटली हाताच्या अंतरावर होती. ती त्यांनी घेतली नाही. पंच्याण्णव नंबर हातचं जाईल, या भीतीने घेतली नाही. हे त्यांना त्याच वेळी माहीत होतं.

त्यांनी आलोकभाऊंना फोन लावला.

"अरे ताई! मीच करणार होतो," पलीकडून उत्साहाचा लोंढा आला. "परवा रविवारी अकरा वाजता या. जुने गार्ड-ड्रायव्हर सगळे येऊन राहिले. गच्चीवरच्या खोलीत नवीन रूळ टाकले. तुमचं इंजिन, मागे चाळीस डबे! आजवर जपून ठेवलं, चालवलं नाही. रविवारीच पहिल्यांदा. शकु तर म्हणते, लग्नातही एवढे खूश नव्हते तुम्ही."

"भाऊ, एक सांगायचं होतं..."

"आल्यावर सांगा ना! चलो, आत्ता मिस्त्री आलाय." फोन बंद झाला.

दिवसभर त्यांनी पुन्हा फोन केला नाही. शनिवारीही नाही. श्रीरंगरावांनी दोनदा विचारलं, "काहून नाही सांगत?" त्या म्हणाल्या, "सांगते." चाळीस डब्यांच्या ओझ्याने फुगलेला सांगाडा ताणला जाईल, मोटर अडकेल, तापेल, प्लास्टिकचं कवच वितळेल. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. बोललं तर सात महिन्यांपूर्वीचंही बोलावं लागेल, हेही दिसत होतं.

रविवारी सकाळी त्या दीनदयाळ चौकातल्या बस अड्ड्यावर पोचल्या तेव्हा साडेआठ झाले होते. पिशवीत पेचकस, लाल रंग, पांढरी पूड, चिमटे. पंच्याण्णव नंबर घरी कपाटातच होतं. बस पनागरला उभी राहिली ती उभीच. पुढे ट्रॉली उलटली होती म्हणे. पावणेदहा झाले. दहा वाजले. आता त्या फोनवर फोन करू लागल्या. घंटा वाजायची, कोणी उचलायचं नाही.

"भैया, और कितनी देर?" त्यांनी कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारलं.

"माताजी, रस्ता मेरे हाथ में है क्या?"

सिहोऱ्याला उतरून रिक्षा मिळेपर्यंत अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. दार उघडंच होतं. शकुवहिनी प्लेटा भरत होत्या. "या ताई, तुमचीच वाट पाहून राहिले होते सगळे," त्या म्हणाल्या, पण ताई सरळ जिन्याकडे वळल्या. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी इतक्या पायऱ्या त्यांनी एका दमात कधी चढल्या नव्हत्या.

खोलीत पाच-सहा म्हातारे रेल्वेवाले खुर्च्यांवर बसले होते. भिंतीच्या कडेने रूळ फिरले होते. चव्वेचाळीस नंबर पुढे उभं होतं, मागे चाळीस डबे. आलोकभाऊंनी इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घातला होता. एका हातात हिरवं निशाण, दुसरा हात विजेच्या बटणावर.

"थांबा!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आलोकभाऊ हसले. "या या, वेळेवर आल्या."

"बटण नका दाबू भाऊ. बाहेर या जरा."

"काहून? इथंच सांगा. सगळे आपलेच लोक आहेत."

ताईंना श्वास लागला होता. दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी जिन्यात असताना ठरवलेलं सगळं टाकून दिलं. "त्याच्या सांगाड्याला रोग आहे. माझ्याकडचं याच्यासोबतचं परवा फुटलेलं निघालं. हेही आतून फुटलंय. चालवलं तर संपेल."

आलोकभाऊंनी निशाण हळूच खुर्चीवर ठेवलं. "अच्छा. म्हणजे तुम्हालाही परवाच कळलं."

इथे त्या 'हो' म्हणू शकल्या असत्या. भाऊंनी दार उघडं करूनच दिलं होतं.

"नाही," प्रतिमाताई म्हणाल्या. "द्यायच्या आधी मला खाली रेघ दिसली होती. मी तपासली नाही."

"दिसली होती?"

"दिसली होती."

"तुम्हाला?" आलोकभाऊंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अहो, तुमची सही म्हणजे... मी उलटं करूनसुद्धा पाहिलं नाही. लोकांना सांगत होतो, प्रतिमाताईंनी दिलंय." मग ते थांबले. "पंच्याण्णव आणलं का?"

"नाही."

पाहुण्यांपैकी एकाने घसा खाकरला आणि हळूहळू सगळे खाली नाश्त्याला गेले.

"वाचण्यासारखं काही आहे का त्यात?" इंजिनाकडे बघत आलोकभाऊंनी विचारलं.

"कवच, चाकं, मोटर. पण लवकर काढावं लागेल. सांगाडा फुगून कवचाला आतून दाबतो. आणखी फुगला तर तेही फाटेल."

"काढा मग."

खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी पांढरा पंचा अंथरला. पहिला पेच निघाला. दुसरा जागच्या जागी फिरत राहिला. सांगाडा कवचात असा रुतला होता की ओढलं तर कवच चिरलं असतं आणि नाही ओढलं तर निघणार नव्हता. "भाऊ, धरावं लागेल. इथं, बंबाच्या दोन्ही बाजूंनी. दाबायचं नाही." आलोकभाऊंनी धरलं. ताईंनी कवच आणि धातूच्या मधल्या फटीत पोस्टकार्डाची पट्टी सरकवली, एक सूत, आणखी एक सूत. कट् असा आवाज आला.

"कवच?"

"नाही. सांगाडा."

तो तीन तुकड्यांत बाहेर आला, राखाडी भुसा सांडत. लाल रंग पिशवीतून काढायची गरजच पडली नाही. कवच अख्खं होतं. चाकं आणि मोटर त्यांनी एकेक करून पंच्यावर मांडली. या कामात दीड तास गेला. तेवढ्या वेळात 'धरा' आणि 'सोडा' याखेरीज दोघांत शब्द झाला नाही. निघताना शकुवहिनींनी खाऊन जा म्हटलं. आलोकभाऊंनी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पंच्याण्णव नंबर घेऊन पुन्हा सिहोऱ्याला गेल्या. इंजिन शकुवहिनींनी घेतलं. "ते झोपलेत," वहिनी नजर चुकवून म्हणाल्या. सकाळचे अकरा वाजले होते. वर कोणीतरी चालत असल्याचं ऐकू येत होतं. "ताई, ते सुट्टे भाग तुम्ही घेऊन जा म्हणाले. डोळ्यांसमोर नको म्हणाले." आणि त्यांनी मिठाईचा खोका पुढे केला. आत पंच्यात गुंडाळलेली चाकं, मोटर, कवच आणि सांगाड्याचे तुकडे.

घरी येऊन प्रतिमाताईंनी टेबल रिकामं केलं. तुटलेले तीन तुकडे जुळवून त्या मापं घेऊ लागल्या. पण तुकडे फुगलेले, म्हणजे मापंही खोटी. खऱ्या इंजिनाचा नकाशा मिळवून प्रत्येक अंतराला सत्त्याऐंशीने भागत त्यांनी पितळेच्या नव्या सांगाड्याचं चित्र काढलं. ते घेऊन त्या गुणवंतकडे गेल्या. कारखान्यातला त्यांचा जुना सहकारी, आता रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची मशीन टाकून बसला होता. त्याने पहिला सांगाडा बनवला. ताईंनी भिंग लावलं आणि परत केला. दुसराही परत केला, आसाची दोन भोकं केसभर सरकली होती म्हणून.

"मॅडम, अब तो रिटायर हो जाओ," गुणवंत कपाळाचा घाम पुसत म्हणाला. मग मराठीवर आला. "खेळण्याच्या गाडीत एवढं कोण पाहते?"

"मी पाहिलं नव्हतं, म्हणून तर आले तुझ्याकडे."

तिसरा बरोबर निघाला. यात चार महिने गेले. एवढ्या काळात सिहोऱ्याहून एकही फोन आला नाही. दिवाळीचा त्यांनीच केला. शकुवहिनींनी उचलला, त्यांच्याशीच बोलणं झालं.

डिसेंबरात एका सकाळी प्रतिमाताई न कळवता सिहोऱ्याला उतरल्या. दार आलोकभाऊंनीच उघडलं. त्यांनी ताईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि बाजूला झाले. वर गेल्यावर ताईंनी इंजिन टेबलावर ठेवलं.

"चालवून पहा," त्या म्हणाल्या.

"आधी तपासतो." भाऊंनी चष्मा बदलला, खणातून भिंग काढलं. इंजिन उलटं केलं. स्वतः पेच काढून कवच उचललं. पितळेवरून नख फिरवलं, प्रत्येक आस फिरवून पाहिला, मग आणखी एकदा. तीस वर्षं लोक ज्या खुर्चीत प्रतिमाताईंसमोर घाम पुसत बसायचे, त्या खुर्चीत आज त्या स्वतः बसल्या होत्या. मधेच शकुवहिनींनी चहा ठेवला. तो तसाच निवला. पाऊण तास झाला.

"इथं ही रेघ कशाची?" आलोकभाऊंनी अचानक विचारलं.

ताई उठून गेल्या, वाकल्या, पाहिलं. "मशीनच्या पात्याची. भेग नाही. खात्री नसेल तर रंग आणलाय, मारून दाखवते."

"मारा."

त्यांनी लाल रंग मारला, पुसला, पूड मारली. दोघंही घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पूड पांढरीच राहिली.

आलोकभाऊंनी सगळं पुसलं, कवच बसवलं, इंजिन रुळावर ठेवलं. मागे एकही डबा जोडला नाही. बटण फिरवलं. इंजिन थोडं अडखळलं आणि निघालं, सरळ भिंतीच्या कडेने, पितळेमुळे आधीपेक्षा जड, घुमणाऱ्या आवाजात. खिडकीखालच्या वळणावर मधली चाकं रुळावर चढली आणि ते कलंडून थांबलं.

ताईंनी गुडघे टेकून रुळाच्या पातळीवर डोळा लावला. आलोकभाऊही पलीकडून वाकले.

"मधल्या चाकांची कड जास्त आहे," ताई म्हणाल्या. "जुन्या सांगाड्यात चालून जायची, यात नाही चालणार. घासावी लागेल. द्या, मी..."

"कानस आहे माझ्याकडे," आलोकभाऊ म्हणाले. "मीच घासतो. तुम्ही फक्त किती ते सांगा." आणि खालच्या मजल्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "शकु, तो चहा थंडा झाला. दुसरा कर. ताईंना साडेबाराच्या बसने नाही जाता येणार."