काळ्या टेपची रेघ

सुधाकरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच खुर्चीत बसून थेंब मोजत होतो. काचेच्या लहानशा नळीत त्यांच्या समुद्राच्या टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषध टाकत जायचं आणि कितव्या थेंबाला निळ्याचं पिवळं होतं ते पाहायचं, एवढंच काम. पाच थेंब पडले होते. धंतोलीच्या दवाखान्यातून मीनाताई बोलत होत्या. मीनाताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. सुधाकरराव माझे साडू. "भाऊजी, ते गेले जी," एवढंच त्या म्हणाल्या. मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले थेंब टाकले. सातव्या थेंबाला पाणी पिवळं झालं. ते वहीत लिहिलं आणि मग चप्पल घातली. याला आता दीड महिना झाला. तेव्हा रडू यायला हवं होतं, ते आलं नाही...

सुधाकररावांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली, केमिस्ट म्हणून. बॉयलरचं पाणी बिघडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर आता तरी हा माणूस पाण्याचा नाद सोडेल असं आम्हाला वाटलं, तर त्यांनी बैठकीत चार फुटांची काचेची टाकी बसवली आणि तिच्यात समुद्र आणला. रात्रभर गाडीत बसल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा या नागपुरात! घरात सगळ्यांनी टिंगल केली. मी तर गेलो की विचारायचो, चौपाटीवर भेळ कधीपासून मिळणार? ते रागवायचे नाहीत, हसायचेही नाहीत. टाकीत चारदोन मासे होते, पण त्यांचा जीव होता प्रवाळांवर. मला ते आधी रंगीत दगड वाटले. सकाळी दिवा लागला की ते दगड हळूहळू फुलायचे, तेव्हा कळलं की जिवंत आहेत. "माश्याले थोडं इकडंतिकडं चालते, साडभाऊ," ते म्हणायचे. "याले नाही चालत. याले रोज कालच्यासारखंच पायजे." मी मान हलवायचो. मी मोजणी खात्यातला माणूस, आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. मोजमाप मला कोणी शिकवावं असं काही मला वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं आठ दिवस हैदराबादला गेले. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. टाकीच्या काचेवर काळ्या टेपची एक पट्टी चिकटवलेली होती. रोज सकाळी पाणी त्या रेघेच्या खाली गेलेलं असेल, ते निळ्या कॅनमधल्या पाण्यानं रेघेपर्यंत भरायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. निळ्या कॅनमध्ये फिल्टरचं गोडं पाणी होतं. शेजारच्या पांढऱ्या कॅनमध्ये समुद्री मीठ कालवलेलं खारं पाणी, ते अडीअडचणीसाठी. नागपूरचा मे, टाकी थंड राहावी म्हणून वर पंखा चालू. पाणी असं काही उडत होतं की तिसऱ्याच दिवशी निळा कॅन रिकामा झाला. मी डोकं चालवलं. टाकी समुद्राची, मग तिच्यात समुद्राचंच पाणी घातलेलं बरं. गोडं पाणी घालून हा माणूस उगाच ते पातळ करत असेल. फोन करावा असं मनातही आलं नाही. उरलेले पाच दिवस पांढऱ्या कॅनमधून अगदी रेघेला रेघ लावून भरलं, आणि स्वतःवर खूशही झालो.

ते परत आले तेव्हा सगळे प्रवाळ मिटलेले होते आणि कोपऱ्यातला एक पांढराफटक पडला होता. सुधाकररावांनी एक नळी डोळ्याला लावून खारटपणा पाहिला, दोन्ही कॅन पाहिले आणि खाली बसले. "पाणी उडते, साडभाऊ. मीठ नाही उडत," ते म्हणाले. बस, तेवढंच. मी म्हटलं, मग आत्ताच अर्धं पाणी काढून गोडं भरू. तर म्हणाले, "नाही गा. पाच दिवसांत चढलं, पाच दिवसांतच उतरवू." त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा मी माझ्यापुरता अर्थ लावला. दोघं पुढे कुठे गेलेच नाहीत, आणि मला पक्कं वाटलं की माझ्या हाती पुन्हा किल्ली द्यावी लागू नये म्हणूनच जात नाहीत. माझंही येणंजाणं कमी झालं. भेळेचा विनोद बंद झाला तो तेव्हापासून.

या वर्षी हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात निघताना ते स्वतः माझ्या दारात आले आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. या खेपेला थेंब मोजायलाही शिकवलं. प्रवाळ आपला सांगाडा बांधायला पाण्यातला क्षार खातात, तेवढा क्षार एक छोटा पंप रोज परत सोडतो. पाणी आठव्या थेंबाला पिवळं झालं की सगळं ठीक. सहाव्या दिवशी ते सहाव्याच थेंबाला झालं. पंपाच्या नळीच्या तोंडावर पांढरी खपली धरली होती. ती काढली, पण पडलेला क्षार कसा भरून काढायचा? क्षाराच्या भुकटीचा डबा हातात होता, दोन चमच्यांत काम झालं असतं. या वेळी मात्र मी फोन केला. ऑपरेशन झालेल्या माणसाचा आवाज किती यावा... पण ते सगळं नीट ऐकत होते. "एकदम नका टाकू. रोज अर्ध्या थेंबापुरतं वाढवा. चार दिवस लागतील. लागू द्या."

दोन दिवसांनी ते गेले. अंत्यविधी करून आलो, आंघोळ केली, आणि संध्याकाळी जाऊन त्या दिवसाचा क्षार टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार दिवस पुरे झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी आठव्या थेंबाला पाणी पिवळं झालं. सांगायला कोणी नव्हतं म्हणून वही चाळत बसलो, आणि मागे जात जात तो मे महिना आला. सुधाकररावांच्या बारीक अक्षरात खारटपणाचा आकडा होता आणि त्याखाली: 'पाणी साडभाऊंनी भरले. काय करायचे ते मी सांगितले, कशासाठी ते सांगितले नाही. चूक माझी.' तेव्हा मात्र रडलो. दोन वर्षं मी या माणसाकडे जाणं टाळलं होतं.

सुधाकररावांच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. टाकी कोणाला तरी देऊन टाकू असं सगळे म्हणतात. मीनाताई हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. सकाळचं पाणी मीच भरतो. गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी मला चार दिवस काटोलला जायचं होतं, म्हणून मीनाताईंना टाकीसमोर बसवलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. मी रेघ दाखवली, निळा कॅन दाखवला; पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून गोडंच पाणी घालायचं, हे दोनदा सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग टाकीकडेच पाहत म्हणाल्या, "इतकं सोपं होतं, तर मले काहून नाही सांगितलं जी त्यांनी कधी?"

मी वही काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, शेवटच्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं. मग उठल्या, पदर खोचला, निळा कॅन उचलला आणि काळ्या रेघेपर्यंत पाणी भरलं.