ग्रहणाच्या दिवशीचा खेळ

मी हिंगणघाटची. वडील तिथल्या गिरणीत कामाला होते. लग्न होऊन देवळीला आले आणि थोड्याच दिवसांत जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं परतायचं. विज्ञान माझ्याकडे होतं. शाळेत ना भिंग होतं ना परीक्षानळी. पुस्तकातलं जठर फळ्यावर काढायचं, बाण मारून नावं लिहायची आणि मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायचं, एवढंच विज्ञान.

मग वर्ध्याला शिक्षकांचं एक शिबिर झालं. तिथं हातात घालून नाचवायच्या बाहुल्या करायला शिकवलं. आमच्या शाळेतले चित्रकलेचे गुरुजीही त्या शिबिरात होते. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. परत येताना एस.टी.त ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही गोष्ट लिहा. तोंडं मी करतो."

रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ कालवून गुरुजी लगदा करायचे. शाळेच्या कुंपणभिंतीवर बाहुल्यांची डोकी वाळत पडलेली असायची. कपडे माझ्या जुन्या साड्यांचे. पहिला खेळ आम्ही भाकरीच्या तुकड्याचा केला. तो तोंडातून निघतो, जठरात जातो, तिथं त्याची गाठ आंबट बोलणाऱ्या एका म्हातारीशी पडते. मुलं पोट धरून हसली आणि पुढच्या चाचणीत सगळ्या वर्गानं पचनाचं उत्तर बरोबर लिहिलं. गुरुजींचा तास तर त्याहून रंगायचा. एकसारखी तीन डोकी समोर ठेवून ते मुलांना फक्त भुवया काढायला सांगायचे. राग लाल रंगानं येत नाही, भुवईनं येतो, हे मुलांना हातानं कळायचं. पाचवीत एक मुलगी होती, तिचा आवाज वर्गात कुणी ऐकला नव्हता. सूर्याची बाहुली हातात आली आणि ती पडद्यामागून खणखणीत बोलायला लागली. त्या दिवशी गुरुजींनी मला खूण करून बाहेर बोलावलं आणि नुसतं ऐकायला लावलं.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण होतं. आमच्याकडे ते खंडग्रास दिसणार होतं. गावात आठवडाभर आधीपासून धास्ती पसरली. बघितलं तर आंधळं होतं, सावली पडली तर अन्न नासतं, असं काय काय बोलणं चालू होतं. आम्ही ग्रहणाचा खेळ बसवला. सूर्य, चंद्र, पृथ्वी, आणि मुलांनी हट्ट धरला म्हणून एक राहू. राहू नोकरी मागायला येतो आणि सूर्य त्याला सांगतो की तुझं इथं काही काम नाही, ही तर चंद्राची सावली आहे. सूर्य ती अबोल मुलगीच करायची. ग्रहणाच्या दिवशी शाळेच्या आवारात पुठ्ठ्याच्या भोकातून सूर्याची प्रतिमा कापडावर पाडून दाखवायची, असं आम्ही मुलांना कबूल केलं होतं.

तेव्हा मला पाचवा महिना होता.

सासूबाईंनी आदल्या दिवशी मला जवळ बसवलं. त्या रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "तू उद्या नको जाऊ," त्या म्हणाल्या. "अन् कातर त हातात बी घेऊ नको. लेकराले लागते." मी त्यांना समजावलं, जेवढं मला समजावता येत होतं तेवढं. नवरा दुकानातून येऊन जेवायला बसला होता. त्यानं आणखी एक भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी मी गेले.

मुख्याध्यापकांनी शाळेला सुट्टी दिली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दारं लावलेली. तरी मूठभर मुलं आली, त्यांत ती मुलगी होती. पुठ्ठ्याचं भोक मोठं पडलं होतं, प्रतिमा पुसट येत होती. मी दुसरा पुठ्ठा घेतला आणि कातरीच्या टोकानं बारीक भोक पाडलं. मग पांढऱ्या कापडावर कोर उमटली. आवारातल्या चिंचेखाली बघितलं तर पानांच्या फटींतून पडलेला उजेडाचा प्रत्येक ठिपका कोरीसारखा झाला होता. अख्खी जमीन कोरींनी भरली होती. गुरुजी खाली बसून बोटानं त्यांच्या कडा गिरवत राहिले. इतकं सुंदर मी त्याआधी काही पाहिलं नव्हतं. फाटकाशी एक बाई आपल्या पोराला ओढून न्यायला आली होती. तिनं माझ्या हातातली कातर पाहिली, माझं पोट पाहिलं आणि पोराला घेऊन गेली.

पावसाळ्यात वर्ध्याच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता.

नर्सनं तिला कपड्यात गुंडाळून, तोंड जरा झाकूनच माझ्याजवळ दिलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला नीट सांगितलं की पोटातल्या मुलाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, किंवा जुळायचा राहतो. म्हणजे ग्रहणाच्या कितीतरी आधी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी हे सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या पाळण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुह्या पोटात डॉक्टर पाह्यले गेलता का?" त्यानंतर त्या विषयावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मुलीला बोंडल्यानं दूध पाजायचं तेवढं त्याच पाजायच्या, तासन्‌तास, थेंब थेंब. त्यामुळे मला त्यांच्यावर रागावताही येईना.

गुरुजी बघायला आले. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "डोळे चांगले आहेत," म्हणाले. चहा न घेताच गेले.

रजा संपवून शाळेत गेले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. आया पोरींना बाहुल्यांना हात लावू देईनात. मी पडदा बांधला की वर्गातली निम्मी मुलं मान खाली घालून बसायची. कुणी उलट बोललं नाही, कुणी भांडायला आलं नाही. एक दिवस सुट्टी झाल्यावर ती सूर्य करणारी मुलगी मागे थांबली. "बाई," तिनं हळूच विचारलं, "सूर्य खोटं बोलला होता का?"

मी नाही म्हणाले. दुसऱ्या महिन्याचं वगैरे सगळं सांगितलं. तिनं मान हलवली, शिक्षकांसमोर मुलं हलवतात तशी. त्यानंतर ती वर्गात पुन्हा कधी बोलली नाही.

मुख्याध्यापकांनी काही दिवस हे बंद ठेवा म्हणून सांगितलं, आणि ते काही दिवस संपले नाहीत. पुढच्या वर्षी गुरुजींची बदली आर्वीकडे झाली. लगदा कुटायला कुणी उरलं नाही. पेटीतल्या बाहुल्यांना पावसाळ्यात बुरशी लागली, तोंडं मऊ पडली. मी पुन्हा फळ्यावर जठर काढायला लागले.

नागपूरला मुलीचा ओठ शिवला. वण राहिला आणि बोलणं थोडं नाकातून येत राहिलं. ती हुशार निघाली, चित्रंही चांगली काढायची, पण शाळेत पोरं तिला 'गिऱ्हान', म्हणजे ग्रहण, म्हणायची. ती मला हे सांगायची नाही, मला दुसऱ्यांकडून कळायचं.

ती आठ-नऊ वर्षांची असताना माझ्या धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. तिच्या माहेरचं घर बायकांनी भरलेलं. मुलगी हौसेनं फुलांच्या वेण्या घेऊन आत गेली. जावेच्या आईनं तिच्या हातातून ताट घेतलं आणि अगदी गोड बोलून तिला मागच्या अंगणात खेळायला पाठवलं. का, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. पहिलटकरणीच्या नजरेसमोर ते तोंड नको होतं. मी उठले आणि तिच्यामागे गेले. सासूबाई आतच बसून राहिल्या, पदरानं डोळे पुसत.

मुलगी विहिरीजवळच्या दगडावर बसली होती. तोंडावर हात धरून बोलायची सवय तिला तेव्हापासून लागली असावी.

"आई, माह्या ओठाले तुह्यामुळं झालं का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मग तिला सगळं सांगितलं. ओठ कसा तयार होतो, कधी जुळतो, ग्रहण म्हणजे काय, त्या दिवशी चिंचेखाली काय दिसलं होतं. मी इतकं चांगलं कधीच शिकवलं नसेल. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग आजीले काऊन नाई सांगतलं?"

"सांगितलं होतं."

आतून बायकांचं गाणं ऐकू येत होतं. मग ती उठली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, "चाल घरी."